कोरे फुगे

मी चित्रं काढत नाही, संवादांचे फुगे रिकामे करतो. वेबकॉमिक दुसऱ्या भाषेत न्यायचं तर आधी मूळ अक्षरं पुसावी लागतात आणि अक्षरांखाली झाकलेलं चित्र भरून काढावं लागतं. ते इतकं बेमालूम, की तिथं कधी काही लिहिलं होतं अशी शंकाही येऊ नये. काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे कौतुकाची सवय नाही.

आमच्याकडच्या चित्रकार मुलीची चार चौकटींची एक जुनी स्ट्रिप होती. पहिलीत मुलगी कोमेजलेल्या रोपाला विचारते, "काय हवंय तुला?" दुसरीत रोप गप्प. तिसरीत ती पाणी, खत, दिवा, छत्री असं सगळं घेऊन धावत येते. चौथीत रोप म्हणतं, "जरा एकटं सोड." वर्षभर त्या स्ट्रिपकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग कुणीतरी रोपावर 'प्रिंटर' असं लिहिलं, पहिल्या फुग्यात "एक काळं-पांढरं पान छाप" आणि शेवटच्यात "निळी शाई संपलीय". झालं, मीम सुटलं! दोन दिवसांत रोपाचं तान्हं बाळ झालं, मांजर झालं, क्लायंट झाला.

एडिट गलिच्छ होतं. मूळ अक्षरांवर सरळ पांढरे चौकोन ठेवलेले, आणि त्यांच्या कडेनं राखाडी कचरा. जेपेग फाइल चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडून त्यातला तपशील कमी करते, त्यामुळे काळ्या अक्षराभोवती अशी धूळ उडते. प्रत्येक जण डाउनलोड करून पुन्हा टाकतो तशी ती वाढत जाते. मला ते बघवत नव्हतं. पण ते पसरायला हा गबाळेपणाही कारणीभूत असणार. बघणाऱ्याला वाटतं, एवढं तर मलाही जमेल.

सकाळी साहेबांचा निरोप आला: "लाट आहे तोवर लोकांना हवं ते भरायला आपणच कोरा साचा टाकू." आमच्याकडे लाट नेहमी साहेबांना शेवटी दिसते. मी मूळ फाइल उघडली, अक्षरांची लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, बंद केली, सगळे फुगे रिकामे. अडचण फक्त तिसऱ्या चौकटीत होती. झारीच्या मागे 'धडपड' असं मोठ्या अक्षरांत थेट चित्रातच काढलेलं, आणि त्याच्याभोवती ठिपक्यांचा टोन, म्हणजे छटेसाठी भरलेली बारीक ठिपक्यांची जाळी. टोन म्हणजे डोकेदुखी. शेजारचा तुकडा उचलून चिकटवला तर ठिपक्यांच्या ओळी जुळत नाहीत, आणि चित्र लहान केलं की तेवढ्याच जागी लाटांसारखे पट्टे उठतात. दोन तास एकेक ठिपका बसवला. झारीच्या कडीखाली एक ठिपका जोड झाला, तो तसाच राहिला. बाकी काम, माझं मीच म्हणतो, देखणं होतं. दुपारी साचा गेला.

संध्याकाळी त्या चित्रकार मुलीचा फोन. "दादा, माझी सही कुठंय?"

ती अक्षरं आणि सही एकाच पेननं, एकाच लेयरवर करायची. लेयर बंद झाली तशी सहीही गेली. दोन तास मी ठिपके मोजत होतो, आणि कोपऱ्यातली सही नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाच मिनिटांत फाइल बदलली, पण तोवर बिनसहीची प्रत सुटली होती.

मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, वेबकॉमिक काढणाऱ्या केसी ग्रीनची 2013 मधली आगीतल्या कुत्र्याची स्ट्रिप बघ. सहा चौकटींची होती, लोकांनी पहिल्या दोनच ठेवल्या. पुढं तो कुत्रा वितळतो हे कितीजणांना माहीत आहे? ती म्हणाली, "त्यात अर्थ तरी तोच राहिला, दादा. आग लागलीय आणि हा म्हणतोय ठीक आहे. माझ्या स्ट्रिपमध्ये लोक रोपाच्या बाजूचे होते. आता सगळे त्या मुलीच्या बाजूचे आहेत."

यावर मला काही सुचलं नाही. तिचं बरोबर होतं. साचा व्हायला दोन-तीन रिकाम्या जागा आणि ओळखीचा क्रम पुरतो: विचारणं, धडपड, नकार. नकार कुणाचा आणि का, हे त्या क्रमात कुठंच नसतं. 'जरा एकटं सोड' हे तीनच शब्द रोपाची बाजू धरून होते, आणि ते पुसणं हेच माझं काम.

अजूनही मीम समोर आलं की मी आधी झारीच्या कडीखाली झूम करतो. जोडठिपका दिसला की ती माझी प्रत. बहुतेक वेळा दिसतोच.

गेल्या आठवड्यात तिची नवी स्ट्रिप माझ्याकडे आली. अक्षरांच्या लेयरवर सही नव्हती. शोधत गेलो तर कुंडीला गेलेल्या तड्यांमध्ये सापडली, थेट चित्रात, टोनच्या मधोमध. काढायची झाली तर कशी काढता येईल, हे सवयीनं बघून घेतलं. कुंडीचा अर्धा काठ नव्यानं काढावा लागेल.