त्र्यंबक: अर्थ, उगम आणि लिहायची रीत

नाशिककरांना त्र्यंबक म्हटलं की आधी गाव आठवतं, मग देव आणि शेवटी माणसाचं नाव. आता बारशाला हे नाव क्वचितच ऐकू येतं, याचं वाईट वाटतं.

फोड अशी: त्रि + अंबक. ‘इ’पुढे ‘अ’ आला की ‘य’ होतो, म्हणून त्र्यंबक. अंबक म्हणजे डोळा; तीन डोळ्यांचा तो शिव. दुसरी व्युत्पत्ती ‘अंबा’वरून, तीन माता असलेला, अशीही देतात. नाव फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (५९.१२) ‘त्र्यम्बकं यजामहे’ येतं, तोच महामृत्युंजय मंत्र. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात मात्र डोळे शोधू नयेत: तिथे खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू, महेश यांची.

बोलताना जोडाक्षर सैल होऊन ‘त्रिंबक’ झालं. पेशवाईतले त्रिंबकजी डेंगळे याच रूपाचे, तर बालकवी कागदोपत्री त्र्यंबक बापूजी ठोंबरे. दोन्ही रूपं बरोबरच.

चूक होते ती लिहिताना. ‘त्रंबक’मध्ये य गळतो, ‘त्रयंबक’मध्ये र पूर्ण होतो, ‘त्र्यबंक’मध्ये अनुस्वार सरकतो. टाईप करताना क्रम त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, मग बक. इंग्रजी स्पेलिंग तर दोन्ही रूपांचं वेगळं पडतं. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असलं की पासपोर्टच्या वेळी अडतं. म्हणून जन्मनोंदणीत नाव घालतानाच मराठी आणि इंग्रजी दोन्ही कागदावर लिहून द्यावं, आणि दाखला हातात पडताच खिडकीपाशीच अक्षर न् अक्षर ताडून घ्यावं.