वाघर

शिमग्याला आठवडा राहिला होता. वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळे ठेवतात ते पट्टे, म्हणजे जाळरेषा, जाळून झाल्या होत्या आणि त्यांत कुठं गवत शिल्लक राहिलंय का, ते बघत मी आणि आमचे वनमजूर मामा सकाळी सातला सड्यावर चढलो. खाली कारवीत कुत्री ओरडायला लागली. मामा जागीच थांबले.

"गावातली न्हवंत मॅडम. पारधीची हाईत."

दाजीपूर म्हटलं की लोकांना गवे आठवतात. हे पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान. १९५८ मध्ये गव्यांसाठी इथं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. पुढं राधानगरीचं जंगल धरून ते ३५१ चौरस किलोमीटर झालं. त्यातला माझा बीट, म्हणजे वनरक्षक म्हणून माझ्याकडं असलेला गस्तीचा भाग, पायी फिरायला दिवस पुरत नाही, आणि त्या कारवीच्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही.

खाली उतरलो तर झुडपांच्या मधून वाघर, म्हणजे ससे धरायचं जाळं, ताणलेली. गुडघ्याएवढी उंच, मळकट, जागोजागी निळ्या नायलॉननं सांधलेली. एका गाठीत सशाचे करडे केस अडकले होते, जुने. मागं दोन पोरं काठ्या घेऊन दबा धरून बसलेली.

"सरका की बाजूला, ससं बुजत्यात," त्यातला एक म्हणाला. ओसरीवरची कोंबडी हाकलावी तसं.

तोवर कुत्र्यांमागून बाकीचे चौघे आले. ते सहा, आम्ही दोघं. त्यांत एक शहरातला पाहुणा होता, भारी बूट घातलेला. त्यानं मोबाइल काढून माझं शूटिंगच सुरू केलं.

"ए बाई, तुला कोण विचारतंय? तुझ्या साहेबाला बोलव." आणि माव्याची पिंक टाकली, ती नेमकी माझ्या बुटाच्या टोकापाशी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिथंच भडकले असते. आता कळतं, समोरच्याला तेवढंच हवं असतं. मी म्हटलं, "व्हिडिओ चालू ठेवा दादा. वाघर, काठ्या, कुत्री सगळं नीट येऊ द्या. पंचनाम्याला लागेल." मोबाइल खिशात गेला.

मग त्यांच्यातला म्हातारा पुढं आला. त्याचा राग खरा होता, पाहुण्यासारखा मिजाशीचा नव्हता. "महाराजांच्या शिकारीला माझा आज्जा हाकारा घालायचा. तुमचं खातं कवा आलं? हे रान आमचं हाय."

यावर मला खरंच बोलता आलं नाही. मामा बोलले. "माझाबी आज्जा हुता की हाक्याला. महाराजांनी सांगितल्याबिगर कवा वाघर घिऊन आला हुता का रं तुझा आज्जा?"

म्हातारा काही वेळ मामांकडं बघत राहिला. मग खाली बसून त्यानं स्वतःच वाघरीच्या खुंट्या उपटायला सुरुवात केली.

पोरं वाद घालत होती, ससा मेलाच नाही तर गुन्हा कसला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच. म्हणजे कलम ९. शिवाय परवानगीशिवाय शिरलात ते २७. एवढं सांगून मी पंचनाम्याचे कागद काढले. पाहुणा तेवढ्यात गाडीकडं सटकला होता, पण गाड्यांच्या नंबरांचे फोटो मी येतानाच घेतले होते. संध्याकाळी मला दोन फोन आले, "जरा समजून घ्या" असे. दोन्ही फोन वेळेसकट डायरीत लिहून ठेवले. साहेबांनी त्यावर काही विचारलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारा भेटला. पाहुणा वकील घेऊन आलेला, हा एकटाच. जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, वाघर परत मिळंल का? आज्ज्यानं इणलेली हाय."

मुद्देमाल आहे, कोर्ट सांगेल तसं, असं म्हणाले मी. चिठ्ठी लावून ती स्टोअरमध्ये ठेवली आहे. वाळवी लागू नये म्हणून मामा महिन्यातून एकदा ती उन्हात झटकतात. मी सांगितलेलं नाही.