हाताची चव

शनिवार, रात्री उशिरा

‘ताम्पोपो’ बघून झाला आणि झोप येईना, म्हणून लिहायला बसले. १९८५ चा जपानी चित्रपट, दिग्दर्शक जुझो इतामी. ताम्पोपो ही नवरा गेलेली, एका मुलाची आई. रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्सचं, छोटंसं दुकान चालवते, पण रामेन बेचव. गोरो नावाचा ट्रकवाला तिला शिकवायचं मनावर घेतो.

पण कॅमेरा मध्येच ही गोष्ट सोडून भलत्याच माणसामागे निघतो. हॉटेलात साहेबमंडळी एकामागून एक तेच ते मागवतात. त्यांच्यातला सगळ्यात धाकटा फ्रेंच मेन्यू वाचून स्वतःला हवं ते मागवतो. एक म्हातारी दुकानात पीच नि चीज बोटांनी दाबत फिरते, मालक तिच्या मागावर. हे मधूनच का, याचं उत्तर चित्रपट देत नाही आणि मलाही ते लागलं नाही. कासव कापतात ते मात्र बघवलं नाही, पुढे ढकललं.

डोक्यातून जात नाहीये तो फ्राइड राइसचा प्रसंग. नवरा धावत घरी येतो. बायको शेवटच्या घटका मोजतेय, डॉक्टर शेजारी, मुलं भोवती. तिला जागं ठेवायला काय करावं ते त्याला सुचत नाही. शेवटी ओरडतो, ऊठ, स्वयंपाक कर! आणि ती उठते. धडपडत जाऊन पात चिरते, भात परतते, आणून पुढ्यात ठेवते. सगळे खायला लागतात, ती हसते आणि कोसळते. बाप मुलांना म्हणतो, खा, आईच्या हातचं शेवटचं आहे, गरम आहे तोवर खा. मरणाऱ्या बाईलाही चुलीपुढे उभी करायची? संताप आला. पण तिला धरून ठेवायला त्या माणसाकडे दुसरं काहीच नाही, हेही दिसत होतं. संताप गेला नाही, आणि रडूही थांबेना.

ताम्पोपोचं वेगळं. बाईच्या हाताला चव उपजतच असते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. इथे ती चव घडताना दिसते. ती जड भांडी उचलते, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी पाठ करते, दुसऱ्यांच्या दुकानांत जाऊन निरखते. शिकवणारे सगळे पुरुष, हे आहेच. पण अखेरच्या परीक्षेत ते पाचही जण वाडगे तोंडाला लावून रस्सा संपवतात, आणि ताम्पोपो झालेली नोबुको मियामोतो त्यांच्याकडे टक लावून उभी असते, तेव्हा पास झाल्याचं तिला कुणी सांगावं लागत नाही. ही चव तिने कमावलेली आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला एवढा मान देणारे चित्रपट मी फार पाहिलेले नाहीत.