एक ठोकळा उचलला म्हणून

काल संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. गोष्ट एवढीशीच. छोट्या चिनूने परसात मी स्वतः घातलेल्या फरसबंदीतला एक ठोकळा उपसून काढला आणि परत जागेवर ठेवून दिला. ठोकळा फुटला नाही, कोणाचं बोट चेमटलं नाही. पण अंधार पडताना मी तिथून गेले, तो पायाखाली डुगडुगला आणि पोटात एकदम कालवलं. ताई म्हणाली, "अगं, एकच तर आहे." नवराही म्हणाला, "सकाळी बसवू की." दोघांचंही बरोबर होतं. मी आत आले आणि झोपेपर्यंत कोणाशी धड बोलले नाही.

एवढं का लागलं, ते कळावं म्हणून लिहायला बसलेय.

ठोकळ्याचं काही नाही. मला लागलं ते त्याच्या खालचं. येणारे जाणारे खुर्च्या टाकून बसतात, "छान झालंय हं" म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. पण त्यांना दिसतं ते शेवटच्या शनिवार-रविवारचं काम. आधीचे सगळे शनिवार-रविवार जमिनीखाली गेलेत. ठोकळा 6 सेंटीमीटर, त्याखाली वाळू 3, त्याखाली खडी 10, म्हणजे सगळीकडे 19 सेंटीमीटर खणायचं. आकडा ऐकायला काहीच नाही. पण उपसलेली माती फुगते, आणि एवढ्याशा खड्ड्यातून एवढा ढीग निघाला कसा, या विचारानेच निम्मी कंबर मोडते.

खडीचंही तसंच. गुळगुळीत गोटे चालत नाहीत, ते एकमेकांवरून घसरतात. कोनेदार हवी, लहानमोठी मिसळलेली, म्हणजे मोठ्यांच्या फटीत बारीक जाऊन बसते. तीही एकदम ओतायची नाही. पाच-पाच सेंटीमीटरचा थर, वर थोडं पाणी, मग धुम्मस, म्हणजे ठोकून दाबायचं जड अवजार. खडी दबत जाते तसा आवाज बदलतो. आधी पोकळ धप्प-धप्प, मग हळूहळू टणक, आणि शेवटी धुम्मस हातातच उसळी मारायला लागते. ती उसळी आली की समजायचं, इथे आता काही खचणार नाही. हे मी कोणाला सांगणार? सांगितलं तरी समोरचा किती वेळ ऐकणार?

उतार तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दर मीटरला साधारण दीड सेंटीमीटर, भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. डोळ्यांना सपाट दिसतो, पाण्याला मात्र बरोबर कळतो. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. नळीत एखादा बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी जुळत नाही आणि सगळी मापं खोटी पडतात, म्हणून नळी टिचक्या मारत मारत रिकामी करायची, परत भरायची. एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं धरून कोपऱ्यात जायचं, परत पहिल्याकडे येऊन बघायचं. ते खरं तर दोघांचं काम आहे. जाऊ दे, तो विषय आज नको.

रात्री पडल्या पडल्या फार वाईट वाटत होतं. जे काम सगळ्यात नीट केलं तेच आपण स्वतःच्या हाताने झाकून टाकलं. कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीवर 3, 4 आणि 5 मीटर मोजून त्रिकोण जुळवला होता. वाळूच्या थरात दोन पाइप ठेवून त्यांवरून फळी ओढली होती, मग पाइप काढून त्यांचे खळगे भरले होते, आणि त्या सपाट वाळूवर कोणी पाय ठेवू नये म्हणून दिवसभर राखण करत बसले होते. यातलं आता काही म्हणता काही दिसत नाही. उद्या मी सांगितलं की खाली नुसती माती आहे, तरी सगळे मान डोलावतील. असं वाटत होतं खरं.

सकाळी रबरी हातोडा घेऊन गेले तर चिनू मागोमाग आला. रागवायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच, "काढला कशाला रे?"

म्हणाला, "मुंग्या वाळू वर आणत होत्या. त्या कुठून आणतात ते बघायचं होतं."

खरंच, सांध्यावर वाळूची बारीकशी रास होती. सांध्यांतली वाळू बारीक आणि कोरडी असते, मुंग्यांना उकरायला सोपी. मला ती दिसली नव्हती. मग त्याने विचारलं, वाळूच्या खाली काय आहे? मी म्हटलं, खडी. आणि खडीच्या खाली? माती. मग आधी माती काढली कशाला?

इतक्या लोकांनी इथे बसून गप्पा मारल्या, हे कोणी विचारलं नव्हतं.

ठोकळा उचलला. बाहेर काढला तेव्हा चारी बाजूंच्या सांध्यांतली वाळू खड्ड्यात ओघळली होती, म्हणून परत ठेवल्यावर तो एका अंगाने वर राहिला. चिनूने ठेवला नीटच होता. कितीही नीट ठेवला असता तरी डुगडुगलाच असता. हे ठोकळे कशाने चिकटवलेले नसतात. सांध्यांत घट्ट बसलेली वाळू एकाला दुसऱ्याशी धरून ठेवते, एकावर पाय पडला की भार शेजाऱ्यांवर वाटला जातो. वाळू गेली की तो एकटा पडतो. ओघळलेली वाळू खरवडून काढली, थर फळीच्या तुकड्याने सारखा केला, ठोकळा सरळ वरून खाली सोडला. हातोडा चिनूने चालवला. मग आडवी फळी ठेवून शेजाऱ्यांशी पातळी बघितली आणि कोरडी वाळू सांध्यांत झाडून घातली. ती खाली बसली की परत घालायची, सांधे भरेपर्यंत.

"सिमेंटने का नाही चिकटवलं?" तो विचारत होता. मी सांगत गेले की चिकटवलं असतं तर जमीन जरा खचली तरी सांधे तडकले असते. एखादा ठोकळा फुटला, खालून पाइप न्यायचा झाला, तर सगळं फोडावं लागलं असतं. असं केलं की हवा तेवढा भाग उचलता येतो आणि परत बसवता येतो. सिमेंट फक्त कडेला, बाहेरची ओळ सरकू नये म्हणून.

बोलता बोलता मीच थांबले. उचलता यावं म्हणून तर मी ही पद्धत निवडली होती, आणि एक उचलला गेला तर रात्रभर तळमळत होते.

वाईट वाटणं सगळं गेलंय असं नाही. कोणीतरी त्या नळीचं दुसरं टोक धरायला हवं होतं, हे वाटतंच आहे आणि बहुतेक वाटत राहील. पण खालचं काम खालीच असणार. ते दिसायला लागलं तर समजायचं, वर काहीतरी खचलंय. पावसात पाणी भिंतीपासून लांब वाहून जाईल, एवढी पावती मला आता चालेल. आणि चिनूने विचारलं ते विचारलंच, तेही माझंच.

बाजूची पट्टी अजून बाकी आहे. तिथली जमीन घराकडे उतरते, म्हणजे आधी माती कापून उतार उलटवावा लागेल, आणि तेही भिंतीच्या जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्या किमान 15 सेंटीमीटर खाली राहून. चिनू येत्या शनिवारी परत येतोय. त्याला विचारलं, नळी धरशील का? म्हणाला, बुडबुडे मी काढणार.