तुम्ही विचारलेत म्हणून : मांजराला विमानाने नेण्याची तयारी

"ओ काकू, मांजराला विमानात सोडतात काय ओ?" हा प्रश्न मला बेळगावात शहापूरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि जनावरांच्या दवाखान्याच्या बाकावर अनेकांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. त्यांची मुले पुण्याला, बेंगळूरला किंवा दिल्लीला नोकरीला असतात, नातवंडे सांभाळायला काही महिने तिकडे जावे लागते आणि इथल्या घरी एक मांजर असते, ज्याला इतके दिवस शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवणे मनाला पटत नाही. आमची ठमी माझ्याबरोबर दिल्लीला जाते-येते हे गल्लीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे चौकशी माझ्याकडे येते.

सोडतात, हे पहिले उत्तर. त्यापुढे लोक तिकीट, पैसे आणि कागदपत्रे यांबद्दल विचारतात. मांजराच्या बॅगेबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते ही तयारी मुख्यतः त्या बॅगेची आहे. बाकीचे सारे आठवड्याभरात उरकता येते, बॅगेची सवय उरकता येत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आठ-पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर मांजर नेऊ नका. मांजर जागेला धरून राहणारा प्राणी आहे. दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासून ते आपला वास तिथे ठेवते आणि त्या वासाच्या आधाराने निर्धास्त राहते. थोड्या दिवसांसाठी शेजारच्या वहिनींनी दोन वेळा येऊन खाणे-पाणी बघितले, तर ते त्याला नव्या शहरातल्या चौथ्या मजल्यापेक्षा बरे वाटते. मुक्काम महिन्यांचा असेल तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

आता विमानाचे. बेळगावकरांची अडचण अशी की विमानतळ दाराशी असूनही मांजराला त्याचा फारसा उपयोग नाही. सांबऱ्याला १९४२ सालापासून विमानतळ आहे आणि आज तिथून मोठ्या शहरांना विमाने जातात, पण त्यांतली बरीचशी इंडिगोची असतात आणि इंडिगो प्रशिक्षित सेवा-प्राण्यांखेरीज पाळीव प्राणी घेत नाही. प्रवाशाजवळ मांजर ठेवू देणाऱ्या कंपन्या म्हणजे एअर इंडिया आणि नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअर. त्यांची विमाने गाठायला आपल्याला गोवा किंवा पुणे जवळ करावे लागते. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, हे तिकीट काढताना नीट वाचावे, कारण एकीचा नियम दुसरीला लागू होईलच असे नाही.

तिकिटाच्या आधी कंपनीला फोन करावा. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, त्यामुळे आपल्या तारखेला जागा आहे का हे विचारून मगच पैसे भरावेत आणि होकार ई-मेलवर मागून घ्यावा. वजन बॅगेसकट धरतात. अकासाने सुरुवातीला ही मर्यादा ७ किलो ठेवली होती. असे आकडे बदलत असल्याने त्या वेळचा आकडा विचारून घ्यावा. आपले गावठी मांजर साधारण तीन-चार किलोंचे, चांगला पोसलेला बोका पाच किलोंचा, त्यावर बॅगेचा एक-दीड किलो, म्हणजे बहुतेकांचे जमते. बॅगेची उंची-रुंदीही विचारावी, कारण ती पुढच्या आसनाखाली मावावी लागते.

वजन जास्त झाले तर मांजर सामानाच्या कप्प्यात जाऊ शकते. त्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, परंतु विमानात चढवण्याआधी आणि उतरवल्यानंतर पिंजरा बाहेर तळावर थांबतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथले ऊन कसे असते हे सांगायला नको. पर्शियनसारख्या बसक्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो. मी स्वतः कोणतेही मांजर त्या मार्गाने पाठवणार नाही.

बॅग मऊ कापडाची, तीन बाजूंनी जाळीची आणि शक्यतो वरूनही उघडणारी घ्यावी. घाबरलेले मांजर समोरच्या दारातून आपणहून बाहेर येत नाही. ओढून काढले की नखे रोवते. वरून उघडणाऱ्या बॅगेतून त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलता येते. पाठीवर अडकवायच्या, पारदर्शक घुमट असलेल्या सॅका हल्ली दुकानांत बऱ्याच दिसतात. त्या बघणाऱ्यांच्या कौतुकासाठी केलेल्या आहेत. आत हवा कमी खेळते आणि मांजराला तोंड लपवायला जागा उरत नाही.

नको असलेले मांजर पोत्यात घालून मार्कंडेय नदीच्या पलीकडे सोडून यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. आता तसे करणारे कमी झाले असतील, पण घरातल्या लाडक्या मांजराचाही बंद पिशवीचा अनुभव फारसा वेगळा नसतो. एरवी माळ्यावर पडलेली बॅग खाली येते ती दवाखान्याच्या दिवशी, आणि तिचा शेवट सुईने होतो. मग बॅग दिसताच मांजर पलंगाखाली गेले, तर त्याने योग्य तोच निष्कर्ष काढलेला असतो. आपले काम हा निष्कर्ष बदलण्याचे आहे.

त्यासाठी बॅग माळ्यावरून काढून मांजर जिथे झोपते तिथे दार उघडे ठेवून मांडावी आणि आत आपले वापरलेले, न धुतलेले सुती लुगडे घालावे. काही दिवस तिच्याकडे लक्षच देऊ नये. मग खाण्याची वाटी आधी बॅगेजवळ, नंतर दारात, नंतर अगदी आत सरकवावी. मांजर आत निवांत खाऊ लागले की खाणे चालू असेपर्यंत चेन लावावी आणि संपताच उघडावी. पुढे चेन लावून बॅग उचलून घरात दोन फेऱ्या, मग जिना उतरून चढणे, मग उभ्या गाडीत थोडा वेळ, मग सुरू गाडीत, आणि शेवटी पिरनवाडीवरून जांबोटीच्या दिशेने एखादी रपेट, असा क्रम ठेवावा. प्रत्येक पायरीवर मांजराकडे बघून पुढे जावे. ते आत खात असेल, अंग चाटत असेल, पाय दुमडून बसत असेल तर पुढची पायरी घ्यावी. कान मागे पाडून लाळ गाळत असेल किंवा तोंड उघडून धापा टाकत असेल तर मागच्या पायरीवर यावे. याला महिना तरी द्यावा लागतो, वयस्क मांजराला अधिक. ज्यांना पुढच्या रविवारी जायचे आहे ते माझ्याकडे येतात तेव्हा मी तारीख पुढे ढकलायला सांगते, आणि ते त्यांना आवडत नाही.

याच दिवसांत छातीपट्ट्याचीही सवय करावी. गळ्यातला पट्टा चालत नाही, त्यातून मांजर सहज निसटते. छातीला आणि पोटाला धरणारा हार्नेस लागतो. पहिल्यांदा घातला की मांजर जमिनीवर आडवे पडून चालणेच विसरल्यासारखे करते. तेवढ्याने काढून टाकू नये. जेवणाच्या वेळी घालावा, म्हणजे लक्ष वाटीकडे राहते. हा पट्टा का लागतो ते पुढे येईलच.

सर्वांत जास्त वेळा येणारा उपप्रश्न म्हणजे झोपेची गोळी द्यावी का. देऊ नये. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते, तोल राहत नाही, आणि मांजर शांत दिसले तरी आतून घाबरलेलेच असू शकते. पशुवैद्यांच्या संघटनाही विमानप्रवासासाठी गुंगी आणण्याच्या विरुद्ध सल्ला देतात. फारच भित्र्या मांजरासाठी डॉक्टर गाबापेंटिनसारखे भीती कमी करणारे औषध सुचवतात, पण ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावे आणि एकदा घरी देऊन परिणाम बघावा. विमानतळावर पहिला प्रयोग नको. घरातल्या डब्यातली गोळी तर चुकूनही देऊ नये. माणसाचे साधे पॅरासिटामॉल मांजराचे यकृत पचवू शकत नाही, त्यात यकृत निकामी होऊ शकते, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीही जाते आणि मांजर दगावते. मांजराच्या गालातल्या गंधासारखा कृत्रिम गंध असलेला फवारा मिळतो. तो मांजर आत घालण्यापूर्वी सुमारे पंधरा मिनिटे बॅगेत मारला तर काही मांजरांना फरक पडतो.

कागदपत्रांचे काम थोडके आहे. रेबीजची लस टोचल्याचे कार्ड आणि प्रवासास योग्य असल्याचे नोंदणीकृत पशुवैद्यांचे प्रमाणपत्र ही दोन मुख्य कागदपत्रे. लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. प्रमाणपत्र प्रवासाच्या अगदी आधीच्या दिवसांतले लागते, किती दिवसांचे ते कंपनी सांगते. आपल्या भागासाठी एक सूचना अशी की प्रमाणपत्र इंग्रजीतच मागावे, त्यावर शिक्का, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक स्पष्ट असावा. दिल्लीच्या तळावर कन्नड वाचणारा मिळेलच असे नाही, मराठीचीही तीच गत. परतीच्या प्रवासासाठी तिकडच्या डॉक्टरांकडून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

निघण्याच्या दिवसाचा अवघड भाग विमानात नसून रस्त्यावर असतो, हे बेळगावकरांनी विशेष लक्षात ठेवावे. गोव्याला जाताना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरावे किंवा आंबोलीवरून सावंतवाडीला, वळणे चुकत नाहीत आणि पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुके, दरडी आणि खोळंबा ठरलेला. ज्या मांजराला गाडी लागते त्याच्यासाठी निपाणी, कोल्हापूर, साताऱ्यावरून पुण्याला जाणारा लांबचा महामार्ग मला जास्त बरा वाटतो. तास वाढतात, पण पोट ढवळत नाही. उलटीवर मॅरोपिटंट नावाचे औषध आहे, तेही डॉक्टरांना विचारूनच. निघण्याच्या चार ते सहा तास आधी हलके खाणे द्यावे आणि नंतर देऊ नये; पाणी मात्र तोडू नये. बॅगेच्या तळाशी लघवी शोषणारे पॅड घालावे आणि दोन जादा पॅड, एक टॉवेल आणि प्लॅस्टिकची पिशवी हाताशी ठेवावी.

सुरक्षा तपासणीत बॅग रिकामी करून यंत्रातून पाठवतात आणि मांजराला हातात घेऊन चौकटीतून जावे लागते. सगळ्या प्रवासात मांजर मोकळे असते ते एवढेच क्षण, आणि तिथे ट्रे आपटत असतात, शिट्ट्या वाजत असतात, मागचा माणूस घाई करत असतो. हार्नेस यासाठीच हवा. मांजर बॅगेत असतानाच दोरी मनगटाला गुंडाळावी, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली धरून ते अंगाशी घ्यावे. शक्य असल्यास बाजूच्या खोलीत दार लावून तपासणी करण्याची विनंती करावी. नम्रपणे आणि लवकर पोहोचून विचारले तर बहुधा ऐकतात. अंगावरचे धातूचे दागिने त्या दिवशी घरीच ठेवावेत, म्हणजे चौकटीतून पुन्हा मागे फिरावे लागत नाही.

विमानात बसल्यावर करण्यासारखे थोडे उरते. आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखा, म्हणजे उटीच्या आसपासचा असतो. निरोगी मांजराला तो सोसतो. चढताना-उतरताना कानांत दडे बसतात, त्या वेळी जाळीतून बोटावर थोडी चाटायची पेस्ट द्यावी, गिळल्याने कान मोकळे होतात. बॅगेवर पातळ ओढणी टाकावी, पण जाळी पूर्ण झाकू नये. मांजर ओरडले तरी चेन उघडू नये. शेजारच्या प्रवाशाला आधीच सांगून ठेवले की तो सहसा चांगला वागतो, आणि मग तासभर आपल्या घरच्या मांजराच्या गोष्टी सांगतो.

पोहोचल्यावर मांजराला सगळे घर दाखवत फिरवू नये. एका खोलीत बॅग, घरून आणलेली शी-शूची थोडी वापरलेली माती किंवा लिटर (त्यासाठीचे विकतचे दाणे), पाणी आणि तेच लुगडे ठेवून दार लावावे. खिडक्यांना जाळी आहे का ते त्याआधीच बघावे. मांजर पहिल्या दिवशी कमी खाते, ते चालते. मात्र दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर डॉक्टर गाठावेत, कारण जाड मांजरांत त्यामुळे यकृतावर चरबी चढते. बोक्याच्या बाबतीत लघवीवर लक्ष ठेवावे. तो वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर मार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तिथे उद्याची वाट बघता येत नाही.

ज्यांची मुले जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये आहेत त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. युरोपीय संघात भारतातून मांजर न्यायचे तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी, आणि ते रक्त काढल्यापासून तीन महिने थांबणे, हा क्रम बदलता येत नाही. लस आधी आणि चिप नंतर झाली असेल तर लस पुन्हा द्यावी लागते. इंग्लंडमध्ये तर विमानाने येणारे मांजर मालवाहतुकीतूनच उतरवून घेतात. निघताना भारत सरकारच्या प्राणी विलगीकरण विभागाचे प्रमाणपत्रही लागते. त्याची केंद्रे आपल्याला जवळची म्हणजे बेंगळूर आणि मुंबई. दिवाळीला जायचे असेल तर चिप पावसाळ्याच्या आधीच बसवून घ्यावी.