बाहुल्यांच्या संमेलनातून आत्ताच आले
दिवसभर बाहुल्या जमवणाऱ्यांच्या संमेलनात होते. पाय दुखतायत, पण मन अगदी भरून आलंय!

बार्बी १९५९ साली आली, हे माहीत होतं. पण माझ्या बार्बीच्या पाठीवरचं १९६६ हे तिचं जन्मसाल नाही, ते त्या साच्याच्या कॉपीराइटचं वर्ष, हे आज कळलं. तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं उमटत राहिला.

एका आजींनी जर्मन बिस्क, म्हणजे चकाकी नसलेल्या पोर्सेलीनच्या, बाहुलीचा केसांचा टोप हळूच उचलून मानेमागचा ३९० हा साचा क्रमांक दाखवला. आर्मांड मार्सेय या जर्मन बाहुली कंपनीची! तिचे ते गाल, किंचित उघड्या ओठांतले चिमुकले दात... मी बघतच राहिले.

जुन्या बार्बीच्या कानांत धातूचे डूल ठेवू नकोस, हिरवे डाग पडतात, असंही त्यांनी बजावलं. घरी आल्या आल्या आधी तेच काढले.