११ मार्च, रात्री साडेदहा

आज आमच्या विधवा-घटस्फोटित बहिणींच्या बैठकीत चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, "हे सगळं सुरू कसं झालं ते नव्या बहिणींना सांगा ना." मी उठले, कशीबशी दोन वाक्यं बोलले आणि बसले. घरी आल्यापासून चुटपुट लागली आहे, म्हणून इथे लिहिते.

सुरुवात वारसाच्या अर्जापासून झाली. हे जाऊन पाच महिने झाले होते. बँकेचा अर्ज पर्समध्ये घेऊन फिरायचे, पण 'मयत खातेदाराचे नाव' या रकान्यापाशी आलं की हात चालायचा नाही. एका रविवारी उपासनेनंतर मागच्या बाकावरच्या ताईंनी ते पाहिलं. त्यांचा घटस्फोट झालेला. सात वर्षं मंडळीत येत होत्या, पण त्यांना कुणी घरी जेवायला बोलावल्याचं मला आठवत नाही. मीही कधी बोलावलं नव्हतं. मला महिनाभर डबे आले; त्यांना विचारलं गेलं ते एवढंच, की चूक कुणाची होती. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, यांचं नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि म्हणाल्या, "सही तेवढी तुम्ही करा."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी चहाला थांबलो. मग तिसरी आली. एवढंच.

आज तारीख लिहिताना हात थांबला. १८८९ साली याच दिवशी मुंबईत चौपाटीला पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. नवरा कॉलऱ्याने गेला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊही गेलेला. पुढे इंग्लंड, अमेरिका पालथी घालून, पुस्तक लिहून, ठिकठिकाणी भाषणं देऊन त्यांनी पैसा उभा केला. आणि त्या पैशातून उघडलं काय, तर शाळा! विधवांना नुसतं अन्न-आसरा देऊन त्यांचं भागलं नाही. स्वतः ख्रिस्ती झालेल्या, तरी नाव दिलं सरस्वतीचं. हे मला फार मोठं वाटतं.

अगदी सुरुवातीला सदनात आलेल्या विधवांमध्ये गोदूबाई जोशी होत्या. लहानपणीच, सासर म्हणजे काय ते कळायच्या आत विधवा झालेल्या. १८९३ मध्ये, पुन्हा ११ मार्चलाच, त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्वेही विधुर. कर्व्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. तीनच वर्षांनी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. एका विधवेने उघडलेल्या दारातून दुसरी आत आली आणि तिच्या घरातून आणखी एक दार उघडलं.

त्याच १८९३ मध्ये, सदन पुण्यात आलेलं असताना, मोठं वादळ उठलं. रमाबाई प्रार्थना करायच्या ते आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून, आणि काही मुली आत येऊन बसायच्या. धर्मांतराची ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. मी ख्रिस्ती आहे, तरी त्या पालकांची धास्ती मला समजते. आणि आपल्याच घरात प्रार्थनेपुरतं दार लावून घ्यायचं नाही, हा रमाबाईंचा हट्टही समजतो. म्हणूनच आमच्या बैठकीला येणाऱ्या दोन हिंदू बहिणींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आम्ही शेवटी प्रार्थना करतो. तुम्हाला बसायचं तर बसा, नाहीतर चहा घेऊन निघा. एक बसते, एक निघते. दोघी दर खेपेला येतात.

पुढच्या महिन्यात सगळ्यांनी दौंडच्या गाडीने केडगावला जायचं ठरलंय, रमाबाईंचं मुक्ती सदन पाहायला.

नऊच्या सुमारास एक फोन आला होता. आवाज अगदी दबका. "माझी केस अजून कोर्टात आहे, निकाल लागला नाही. आले तर चालेल का?" म्हटलं, ये. तिला रस्ता ठाऊक नाही. रविवारी साडेतीनला मी बसथांब्यावर उभी राहणार आहे, हिरव्या साडीत.